स्वाहिली शिकायचीय, पण पैसे कोण देणार?

प्रश्न: मुलगी पुण्याला डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्रात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. पुढे आफ्रिकी भाषा, त्यातही पूर्व आफ्रिकेतली स्वाहिली, शिकायची म्हणते. अमेरिकेत त्यासाठी ‘फ्लास’ नावाची फेलोशिप मिळते, फी माफ आणि वर स्टायपेंड, असं तिने वाचलंय. आम्ही दोघं नोकरदार, मोठं कर्ज काढायची हिंमत नाही. यात पुढे काही आहे का? आणि आफ्रिकेत पोरगी एकटी कशी राहील? (एक आई, सांगली)

ताई, नमस्कार.

आधी ‘फ्लास’चा विषय संपवू. 1957 साली रशियाने स्पुटनिक उपग्रह सोडला तेव्हा अमेरिकेला घाम फुटला. आपल्याकडे परक्या भाषा जाणणारी माणसंच नाहीत, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं आणि 1958 च्या कायद्याने भाषाशिक्षणासाठी सरकारी तिजोरी उघडली. ‘फ्लास’ हे त्यातलंच अपत्य. साहजिकच ती अमेरिकेच्या नागरिकांसाठी आणि तिथल्या कायमच्या रहिवाशांसाठी आहे. तुमच्या लेकीला तिथे अर्जच करता येणार नाही. शिवाय 2025 मध्ये तिथल्या शिक्षण खात्याने या योजनेचा निधी रोखला, तेव्हा खुद्द अमेरिकी विद्यार्थ्यांचीही पंचाईत झाली. मुलं फेलोशिपची रक्कम आधी वाचतात आणि पात्रता शेवटी. लेकीला सांगा, आधी पात्रता वाच.

याचा अर्थ अमेरिकेचं दार बंद आहे असा नाही. तिथे पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की बहुतेक चांगले विभाग शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाच्या बदल्यात फी माफ करतात आणि पगार देतात. त्याला नागरिकत्वाची अट नसते. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात 1964 पासून आफ्रिकी भाषा-साहित्याचा स्वतंत्र विभाग आहे; आता त्याचं नाव ‘आफ्रिकन कल्चरल स्टडीज’. मात्र जागा मोजक्या, आणि ‘मला आफ्रिकेचं लहानपणापासून आकर्षण आहे’ या वाक्यावर कुणी जागा देत नाही.

मग कशावर देतात? तिच्याकडे स्वतःचा एक प्रश्न असला पाहिजे. एक सुचवतो, पटला तर घ्यावा. अरबी शब्द मराठीत बरेचसे फारसीच्या वाटेने आले, स्वाहिलीत समुद्री व्यापारातून. आपण कलम, दवा, खबर म्हणतो; स्वाहिलीत कलामु, दावा, हबारी. ‘कलम’च्या शेवटी तिथे एक स्वर चिकटला, कारण स्वाहिलीच्या मूळ शब्दांचा शेवट स्वराने होतो. एकाच भाषेतून आलेल्या शब्दांना दोन भाषांनी आपापल्या वळणावर कसं बसवलं, यावर एम.ए.चा प्रबंध सहज उभा राहील. मराठी येणाऱ्या, भाषाशास्त्र शिकलेल्या मुलीने असा प्रश्न मांडला तर निवड समिती तो अर्ज दोनदा वाचेल.

भाषेची सुरुवात तर आजच करता येईल. स्वाहिली रोमन लिपीत लिहितात, लिहिलंय तसंच बहुतांशी वाचतात, आणि पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा भाषेसारखे, अर्थ बदलणारे सूर सांभाळावे लागत नाहीत. बीबीसी आणि जर्मनीच्या डॉइचे वेलेच्या स्वाहिली बातम्या फुकट ऐकायला मिळतात. घोडं अडतं ते नामांच्या वर्गांपाशी. आपल्याकडे तीन लिंगं, तिथे दहाच्या वर वर्ग, आणि विशेषण-क्रियापद सगळं त्याप्रमाणे बदलतं. पण ‘मोठा, मोठी, मोठं’ म्हणत वाढलेल्या मुलीला हे इंग्रजी माणसाइतकं जड जाणार नाही.

आता पैशांचं. तुमच्या घराला परवडेल असा पहिला रस्ता इथलाच आहे. दिल्ली विद्यापीठात 1955 पासून आफ्रिकी अभ्यासाचा विभाग आहे, तिथे स्वाहिली शिकवतात. मुंबई विद्यापीठाचं आफ्रिकी अभ्यास केंद्र 1971 पासून कलिन्याला आहे. तिने भाषाशास्त्रात नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) देऊन जेआरएफ (संशोधनाची सरकारी फेलोशिप) मिळवली तर महिन्याला 37,000 रुपये आणि वर घरभाडं. या वाटेने पीएच.डी. झाली तर कर्जाचा प्रश्नच येत नाही.

बाहेरच जायचं असेल तर सोआस, म्हणजे आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासाचं लंडनमधलं कॉलेज. तिथे फेलिक्स शिष्यवृत्ती खास भारतात शिकलेल्या, पहिल्या वर्गात आलेल्या मुलांसाठी आहे: फी, राहण्याचा खर्च, विमानाचं भाडं, सगळं. ती मिळाली तर डोळे मिटून जाऊ द्या. नाही मिळाली तर लंडनच्या एका वर्षाच्या एम.ए.साठी कर्ज काढू नका, हे मी स्पष्टच सांगतो. जर्मनीत बायरॉइट विद्यापीठ आफ्रिकी अभ्यासासाठी नावाजलेलं आहे, पण जर्मन व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो आधी खात्यात अडकवून दाखवावे लागतात. शिष्यवृत्ती नसेल तर हाच आकडा भारी पडतो.

तुम्ही प्रवर्ग लिहिलेला नाही. अनुसूचित जातीत किंवा भटक्या-विमुक्तांत मोडत असाल तर केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती पाहा. अनुसूचित जातीसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीही आहे. गंमत अशी, की 2022 पासून केंद्राच्या योजनेत भारतीय संस्कृती-इतिहासावरचे विषय चालत नाहीत. जंजिऱ्याच्या, मूळ आफ्रिकी, सिद्दींवर संशोधन म्हटलं तर नकार येईल. स्वाहिलीला ती अडचण नाही.

नोकरीबद्दल खोटा दिलासा देत नाही. नुसत्या स्वाहिलीवर नोकऱ्या थोड्या आहेत. भाषांतर, संशोधन संस्था, पूर्व आफ्रिकेत धंदा असलेल्या भारतीय कंपन्या, नैरोबीतली संयुक्त राष्ट्रांची कार्यालयं, अशा ठिकाणी ती दुसऱ्या एखाद्या कौशल्याला जोड म्हणून उपयोगी पडते. म्हणून भाषाशास्त्र सोडू देऊ नका, नेट तर नाहीच.

राहिली एकटं राहण्याची काळजी. तो प्रसंग लगेच येत नाही; क्षेत्रकार्यासाठी, म्हणजे तिथे जाऊन माहिती गोळा करायला, काही महिने, तेही विद्यापीठाच्या ओळखीने. टांझानियातल्या झांझिबार बेटावरच्या सरकारी विद्यापीठात परदेशी मुलांना स्वाहिली शिकवण्याची सोय आहे, आणि आयआयटी मद्रासनेही 2023 पासून झांझिबारला शाखा उघडलीय. दार-ए-सलाममध्ये गुजराती-कच्छी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, नैरोबीत तर महाराष्ट्र मंडळ आहे.

अमेरिकेतले बहुतेक अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. त्याआधी लेकीला तिच्या प्रश्नाचा अर्ध्या पानाचा मसुदा लिहून मला पाठवायला सांगा. इंग्रजीत लिहिला तरी चालेल, पण स्वतःचा हवा.