खुराकात औषध कालवू नका

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझी घोडी चौदा वर्षांची आहे, वजन साधारण ४५० किलो. मागच्या पायाची जखम चिघळून पू झाला, म्हणून आमच्या डॉक्टरांनी ट्रायमेथोप्रिम-सल्फा या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या आहेत : एका वेळी १४, दिवसातून दोनदा, दहा दिवस. पहिल्या दिवशी गोळ्यांची पूड करून खुराकात मिसळली, तिने खाल्ली. दुसऱ्या दिवशी खुराक संपला, पण पूड तेवढी बादलीच्या तळाशी तशीच. तिसऱ्या दिवसापासून बादली दिसली की कान मागे टाकते आणि मान फिरवते. आता औषध नसलेल्या खुराकालाही तोंड लावत नाही. गवत मात्र खाते. काल आम्ही तिघांनी तिचं डोकं वर धरून बाटलीने पाजायचा प्रयत्न केला. ती मागच्या पायांवर उभी राहिली, मोतद्दाराच्या हाताला लागलं. औषध बंद करू का?

उत्तर : औषध स्वतःहून बंद करू नका. बाटली मात्र आजच बंद करा.

आधी बाटलीचं सांगते, कारण खरा धोका तिथे आहे. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने घेतो. डोकं वर ताणून घशात पातळ औषध ओतलं, की गिळणं आणि श्वास यांचा मेळ चुकतो आणि औषध फुप्फुसात उतरतं. त्यातून होणारा न्यूमोनिया मी पाहिला आहे. पायाची जखम त्यापुढे काहीच नाही. कालपासून घोडी खोकते आहे का, नाकातून काही गळतंय का, अंगात ताप आहे का, हे आत्ता जाऊन बघा. यातलं एक जरी असेल तर पुढचं नंतर वाचा, आधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा.

आता खुराकाबद्दल. तुमची घोडी हट्टी नाही. घोड्याचा वरचा ओठ बोटांसारखा काम करतो. दाणे उचलायचे आणि पूड मागे ठेवायची, हे त्याला सहज जमतं. नाक त्याहून तिखट. आणि एखाद्या खाण्यानंतर तोंड कडू पडलं, तर तो दोष औषधाला देत नाही, त्या खाण्याला देतो. मग बादलीला देतो, मग बादली आणणाऱ्या माणसालाही. तुमच्याकडे तिसऱ्या दिवशी नेमकं हेच झालं.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कुमाईत (गडद तांबूस रंगाच्या) घोड्याला मेट्रोनिडॅझोल द्यायचं होतं. ते औषध इतकं कडू, की नुसत्या त्यानेच घोड्याची भूक जाते. मी मालकांना सांगितलं, भिजवलेल्या कोंड्यात कालवून द्या. दोन दिवसांत त्याने कोंडा सोडला आणि बरा झाल्यावरही महिनाभर त्याला शिवला नाही. आजारपणात त्याला जे एक खाणं गोड लागत होतं, तेच मी त्याच्याकडून हिरावून घेतलं. तेव्हापासून मी कुणालाही औषध मुख्य खुराकात घालायला सांगत नाही. जेवण जेवणाच्या जागी, औषध औषधाच्या जागी.

म्हणजे पिचकारीने, थेट तोंडात. बाटलीत आणि पिचकारीत फरक असा, की इथे डोकं वर जात नाही आणि औषध पातळ नसतं.

६० मिलिलिटरची, रुंद तोंडाची पिचकारी घ्या. अरुंद तोंडाची असेल तर टोक कापावं लागेल. मग कापलेली कड सँडपेपरने अगदी गुळगुळीत करा. एकदा हिरडी कापली गेली की घोडी पिचकारीला जन्मभर विसरत नाही. गोळ्या कुटत बसू नका. दट्ट्या काढून १४ गोळ्या आत टाका, दट्ट्या बसवा, २०-२५ मिलिलिटर कोमट पाणी ओढून घ्या, तोंडावर बोट धरून हलवा आणि थोडा वेळ ठेवा. या गोळ्या पाण्यात फुगून विरतात. मग काकवी किंवा शिजवलेल्या सफरचंदाचा गर घालून लापशीइतकं दाट करा. पाण्यासारखं पातळ राहिलं तर ती ओठांच्या कडेने सगळं बाहेर सोडेल.

पण आज एकदम औषध नको. आधी नुसत्या गराने भरलेली पिचकारी द्या. पाच-सहा वेळा, थोड्याथोड्या वेळाने, पहिल्यांदा नुसती ओठाला लावून. ती स्वतः चाटायला लागली की अर्धं काम झालं. तुमचा उपचार चालू असल्याने फार थांबता येणार नाही, म्हणून सकाळी हा सराव आणि संध्याकाळी पहिला डोस, एवढं तरी करा. चुकलेल्या डोसांचं काय करायचं, ते तुमच्या डॉक्टरांना आजच विचारा. मनाने दुप्पट देऊ नका. घोड्याला उलटी होत नाही, जास्त गेलेलं बाहेर काढण्याची सोय निसर्गाने त्याला दिलेली नाही.

देताना तिच्या डाव्या खांद्याशी उभ्या राहा, तिच्याच दिशेने तोंड करून. एकटीने द्या, फार तर एक माणूस दोरापाशी. तोंडात गवताचा घास नाही ना, हे बघा, नाहीतर घासाबरोबर औषधही थुंकेल. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये, जिथे लगाम बसतो, तिथे नुसती हिरडी असते. तिथून पिचकारी आत सरकवा, टोक जिभेवर आणि मागच्या बाजूला. थोडं दाबा, थांबा, तिला गिळू द्या, मग पुढचं. हनुवटीखाली हात ठेवून तोंड जरासं उचललेलं चालतं, पण कपाळ नेहमीच्या उंचीवरच राहू द्या. शेवटी नुसत्या गराची एक पिचकारी, म्हणजे तोंडात राहणारी शेवटची चव गोड असेल. हे शेवटचं पाऊल लोक गाळतात आणि मग चौथ्या दिवशी माझ्याकडे येतात.

चवीचं म्हणाल तर प्रत्येक घोड्याची आवड वेगळी. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात घोड्यांना वेगवेगळ्या स्वादांचा खुराक देऊन पाहिला, त्यात मेथी पहिली आली आणि केळं दुसरं. जिरं आणि पुदिनाही आवडत्यांत होते. तेव्हा सफरचंदावर नाक मुरडलं तर कुस्करलेलं केळं करून बघा. एक अपवाद : घोडीला पूर्वी खुरांची सूज, म्हणजे लॅमिनायटिस झाला असेल किंवा इन्सुलिनचा त्रास असेल, तर काकवी आणि केळं दोन्ही नको. साखर नसलेला, भिजवलेला बीटचा चोथा वाटून वापरा.

ही विरघळवण्याची रीत याच गोळ्यांपुरती. अल्सरसाठीच्या ओमेप्राझोलचे दाणे कुटले तर पोटातल्या आम्लात औषध वाया जातं. पर्गोलाइड हे म्हाताऱ्या घोड्यांच्या संप्रेरकांच्या आजारावरचं औषध. त्याची पूड उडून माणसाच्या नाकात जाऊ नये, गरोदर बाईने तर त्या गोळीला हातही लावू नये. क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक हातमोज्यांशिवाय हाताळायचं नाही. म्हणून प्रत्येक नव्या गोळीला विचारायचं : फोडू का?

घोडी हलू नये म्हणून वरच्या ओठाला चिमटा लावून द्या, असं कुणी सुचवेल. दिवसातून दोनदा, दहा दिवस? नको. पिचकारी जमलीच नाही, तर डॉक्टरांना दुसरं औषध किंवा इंजेक्शनबद्दल विचारा. त्यात कमीपणा काही नाही.

आणि लक्ष ठेवा. घोडी गवत खाते आहे, हे मला फार दिलासा देणारं वाटलं. गवतही सोडलं, तर ती चवीची गोष्ट राहिली नाही. पोटदुखी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टर हवेत. अँटिबायोटिक चालू असताना लीद पातळ झाली, तर पुढचा डोस देण्याआधी फोन करा. मोठ्या आतड्याची सूज घोड्यात फार वेगाने वाढते.

खुराकाची बादली बदला. वेगळा रंग, वेगळी जागा, आणि चार-पाच दिवस ती दुसऱ्या कुणीतरी द्यावी, तुम्ही नको. सुरुवातीला मूठभरच ठेवा आणि तुमच्या हातातली पिचकारी तिला तिथे दिसू देऊ नका. दहा दिवस संपले तरी आठवड्यातून एकदा गोड गराची पिचकारी देत राहा, कारण जंतांच्या औषधाची पेस्टही त्याच वाटेने जायची आहे.