मेश एपीला नेट पोचतं, मागच्या स्विचला पोचत नाही: मेश आणि ब्रिजचा घोळ कुठे होतो

तुमचा प्रॉब्लेम मला समजला तो असा: चाकणच्या प्लँटमध्ये मेन बिल्डिंगच्या गच्चीवर सिस्कोचा रूट एपी (अ‍ॅक्सेस पॉइंट, वायफाय देणारा डबा), रस्त्यापलीकडच्या स्टोअरवर साधारण ४०० मीटरवर मेश एपी, म्हणजे केबलऐवजी हवेतून रूटला जोडलेला, स्टोअरमध्ये मोबाईलला वायफाय झकास चालतं, पण त्याच एपीच्या मागे स्विच लावून जोडलेले आठ कॅमेरे आणि बारकोड प्रिंटर काही केल्या दिसत नाहीत, आणि व्हेंडर म्हणतोय की एपी खराब आहे, बदला. बदलू नका. मोबाईल चालतोय म्हणजे एपी जॉइन झालाय, बॅकहॉल, म्हणजे दोन एपींमधली हवेतली लिंक, उभा आहे. जे बंद आहे ते बहुतेक तुम्ही चालूच केलेलं नाहीये.

सिस्कोच्या मेशमध्ये वायरने कंट्रोलरपर्यंत (सगळे एपी सांभाळणारा मुख्य डबा) पोचतो तो रॅप, म्हणजे रूट, आणि हवेतून रॅपला किंवा दुसऱ्या मेश एपीला पकडतो तो मॅप. मॅपचा इथरनेट पोर्ट सिक्युरिटीसाठी मुद्दाम बंद ठेवलेला असतो, कारण खांबावरच्या डब्याला कुणीही लॅपटॉप लावून कंपनीच्या लॅनमध्ये शिरू नये. कंट्रोलरवर एपीच्या मेश टॅबमध्ये इथरनेट ब्रिजिंग (वायरच्या पोर्टवरचा डेटा मेशमधून पलीकडे नेणं) हा ऑप्शन आहे, तो मॅपवर पण चालू करायचा आणि रॅपवर पण. नव्वद टक्के लोक फक्त मॅपवर करतात आणि मग दोन दिवस केबल बदलत बसतात.

आता व्हीलॅन, म्हणजे त्याच वायरवर वेगळी ठेवलेली नेटवर्कं. तुमचे कॅमेरे वेगळ्या व्हीलॅनमध्ये आहेत असं लिहिलंय, तर तिथे व्हीलॅन ट्रान्सपरंट नावाची सेटिंग बघा, ती आधीपासून चालू असते, आणि ती चालू असताना टॅग (व्हीलॅनचा नंबर) लावलेल्या व्हीलॅनचा हिशोब होत नाही, सगळं बिनटॅगचं जातं. ती काढा, मग मॅपचा पोर्ट एकाच व्हीलॅनसाठी असेल तर अ‍ॅक्सेस करा, मागे मॅनेज्ड स्विच असेल तर ट्रंक, म्हणजे अनेक व्हीलॅन नेणारा. आणि रॅप ज्या स्विचपोर्टला लागलाय तोसुद्धा ट्रंक हवा, कॅमेऱ्याचा व्हीलॅन त्यात अलाऊड हवा, नेटिव्ह व्हीलॅन (बिनटॅगचा डेटा ज्यात जातो तो) दोन्हीकडे जुळायला हवा. हे काम जमेल तर रॅपजवळ उभं राहून करा, कारण नेटिव्ह व्हीलॅन चुकला की रॅप कंट्रोलरपासून तुटतो आणि मागचं सगळं स्टोअर अंधारात जातं.

कुणीतरी तुम्हाला सल्ला दिलाय की मेश सोडा, साधा एपी क्लायंट मोडमध्ये (मोबाईलसारखा दुसऱ्या एपीला जोडणारा) टाका आणि मागे स्विच लावा. त्यात एक मूळची अडचण आहे ती समजून घ्या. साध्या क्लायंटकडून एपीकडे जाणाऱ्या वायफाय फ्रेममध्ये (डेटाच्या पाकिटात) तीन पत्ते असतात, पाठवणारा, एपी आणि शेवटचा मुक्काम, म्हणजे मागच्या कॅमेऱ्याचा मॅक (डिव्हाइसचा हार्डवेअर पत्ता) लिहायला जागाच नसते. मग ते डिव्हाइस सगळ्या कॅमेऱ्यांना स्वतःच्या मॅकने पुढे ढकलतं, आणि डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणं), मॅक फिल्टर, पोर्ट सिक्युरिटी सगळीकडे गोंधळ. खऱ्या ब्रिजमध्ये (दोन वायरची नेटवर्कं हवेतून जोडणाऱ्या जोडीत) आणि मेशच्या बॅकहॉलवर चौथा पत्ता असतो, म्हणून मागचं नेटवर्क जसंच्या तसं पलीकडे दिसतं. पलीकडे नुसते मोबाईल-लॅपटॉप आहेत की वायरचं अख्खं नेटवर्क, हे आधी ठरवायचं, कारण सगळं डिझाइन त्यावर फिरतं.

आणि माझं स्पष्ट मत, दोनच बिल्डिंग असतील तर मेशपेक्षा पॉइंट टू पॉइंट ब्रिजची जोडी बरी, दोन्हीकडे डायरेक्शनल अँटेना, रेडिओ फक्त त्याच कामाला. मेशची मजा तेव्हा, जेव्हा यार्डात पाचसहा खांब आहेत आणि एक पडला तर दुसऱ्याकडून वाट निघाली पाहिजे. पण एकाच रेडिओवर, एकाच चॅनेलवर प्रत्येक हॉप (एका एपीकडून दुसऱ्याकडे उडी) म्हणजे तोच डेटा हवेत पुन्हा एकदा, म्हणजे पहिल्या हॉपला १०० एमबीपीएस मिळत असतील तर दुसऱ्याला अंदाजे निम्मे, तिसऱ्याला एक तृतीयांश धरा. तुमचे आठ कॅमेरे ४ एमबीपीएसने धरले तर ३२ एमबीपीएस, तेही अखंड. एका हॉपला आरामात बसतं, तिसऱ्या हॉपला मी ते लावणार नाही.

मोबाईलच्या कांड्यांवर जाऊ नका, त्या फक्त मोबाईल ते एपी एवढंच सांगतात. कंट्रोलरवर मॅपच्या नेबरमध्ये जाऊन पेरेंटचा, म्हणजे मॅप ज्या एपीला पकडून आहे त्याचा, एसएनआर (सिग्नल गोंगाटापेक्षा किती वर आहे) बघा. मी २५ डीबीच्या खाली लिंक हँडओव्हर करत नाही.

आता जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. समोर गच्ची दिसते म्हणजे लाइन ऑफ साइट आहे असं नसतं. ५.५ गिगाहर्ट्झला ४०० मीटरच्या लिंकमध्ये मधोमध फ्रेनेल झोनची (सिग्नलला लागणाऱ्या लांबट फुग्यासारख्या जागेची) त्रिज्या साधारण २.३ मीटर येते, त्यातला ६० टक्के, म्हणजे सरळ रेषेपासून चारी बाजूंनी दीडेक मीटर तरी मोकळा हवा. मी एका साखर कारखान्यात ऑफिस ते वजनकाटा लिंक ऑफ सीझनला, मे महिन्यात बसवली, रीडिंग सुंदर, सही घेतली आणि आलो. सीझन चालू झाला तोवर मधल्या सुबाभळी पावसावर वाढून पानांनी भरल्या होत्या, लिंक दिवसातून दहा वेळा पडायची आणि काट्यावर उसाच्या गाड्यांची रांग. मला आधी वाटलं पाऊस आड येतो, पण या अंतरावर ५ गिगाहर्ट्झला पावसाने जवळपास काही होत नाही, ओली पानं मात्र सिग्नल खातात. दोन्हीकडचा पाइप तीन मीटर उंच केला तेव्हा थांबलं. तुमच्या रस्त्याकडेला झाडं असतील तर श्रावणातली झाडं डोळ्यासमोर आणून उंची ठरवा, आणि रस्त्यावरून जाणारे उंच कंटेनर पण धरा.

लिंक अधूनमधून पडते असंही तुम्ही लिहिलंय. बरोबर पंधरा मिनिटांनी पडत असेल तर ब्रिज ग्रुप नेम (मेशच्या गटाचं नाव) तपासा, नाव जुळत नसेल तर मॅप परक्या ग्रुपच्या पेरेंटला तात्पुरता चिकटतो आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा आपला ग्रुप शोधायला निघतो. कधीही पडत असेल तर चॅनेल बघा, ५२ ते १४४ मध्ये रडारचा संशय आला की चॅनेल सोडावा लागतो आणि ३० मिनिटं परत घेता येत नाही. मी बॅकहॉल १४९ ते १६१ मध्ये ठेवतो, आणि तो रॅपवरच सेट करायचा, मॅप मागोमाग येतो.

एक राहिलं, स्टोअरकडे उद्या कुणी फायबर टाकली तर ती त्या स्विचला लावायच्या आधी ब्रिजिंग बंद करा, नाहीतर लूप होऊन, म्हणजे तोच डेटा दोन वाटांनी गोल फिरत राहून, प्लँटचं नेटवर्क बसेल. आणि वळवाच्या आधी अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर दोन्ही गच्च्यांवर लावून घ्या.

आधी रॅपवरचं ब्रिजिंग चालू आहे का ते बघा, मग पेरेंटचा एसएनआर आणि दोन्ही स्विचपोर्टचं कॉन्फिग इथे टाका, पुढचं त्यावरून सांगतो.