क्रूझला चाललाय? केबिन आणि सर्विसबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मुंबई-गोवा क्रूझची माहिती छापून आली आणि तेव्हापासून प्रश्न येतच आहेत. मी बरीच वर्षं बोटीवर हाऊसकीपिंगला होतो, म्हणून संपादकांनी केबिन आणि सर्विसचे सगळे प्रश्न माझ्याकडे पाठवलेत. सगळे घेणं शक्य नाही, पण जे परत परत विचारले गेलेत ते घेतोय.

आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत म्हणून त्यांना मुंबई-गोवा-मुंबई क्रूझला पाठवायचंय. आतली केबिन आणि बाल्कनीवाली यांच्या भाड्यात खूपच फरक दिसतोय. आतली घेतली तर त्यांना कोंडल्यासारखं होईल का? – एक वाचक, नाशिक

आतली म्हणजे खिडकीच नसलेली केबिन, साधारण 120 ते 180 चौरस फुटांची, आणि त्यातच पलंग, कपाट, आरशाचं टेबल, बाथरूम सगळं बसवलेलं असतं. जहाज जितकं जुनं तितकी केबिन लहान, हा बहुतेक वेळा खरा ठरणारा हिशोब आहे. मुंबईहून सुटणारी कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस 1990 ची, फ्रान्समध्ये बांधलेली, आधी रॉयल कॅरिबियनकडे होती आणि 2021 पासून आपल्याकडे चालते. त्या काळी बाल्कनीची फॅशन एवढी नव्हती, त्यामुळे तिच्यावर बाल्कन्या मोजक्याच आहेत आणि म्हणून महाग आहेत. लोक यूट्यूबवर मायामीच्या नव्या जहाजांचे व्हिडिओ बघतात आणि तशीच केबिन मिळेल असं धरून चढतात, मग पहिल्या तासात चेहरा पडतो. तुम्ही बुक करताय त्याच जहाजाच्या त्याच प्रकारच्या केबिनचे फोटो बघा.

आता कोंडल्यासारखं होण्याचं. आतल्या केबिनमध्ये दिवा घालवला की मिट्ट काळोख, सकाळचे सहा वाजलेत की दुपारचे तीन हे कळतच नाही. काही लोकांना अशी झोप फार आवडते, पण वयस्कर माणूस रात्री दोनदा उठतो आणि अनोळखी जागेत अंधारात चाचपडतो. बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार किलकिलं ठेवायचं. बऱ्याच जहाजांवर टीव्हीच्या एका चॅनलवर पुढच्या कॅमेऱ्याचं चित्र दिसतं, ते आवाज बंद करून लावून ठेवलं तर उजाडल्याचं तरी समजतं.

माझं मत विचाराल तर दोन रात्रींसाठी खिडकीवाली घ्या, जिला ओशन व्ह्यू म्हणतात. समुद्र दिसतो, उजेड येतो आणि बाल्कनीएवढे पैसे जात नाहीत. बाल्कनी पाच-सहा रात्रींच्या ट्रिपला वसूल होते, दोन रात्रींत माणूस केबिनमध्ये असतोच किती? तरी बाल्कनीच घ्यायची ठरली तर जाताना उजवी बाजू बघा, कारण गोव्याकडे जाताना पश्चिम उजवीकडे येते आणि सूर्यास्त तिकडे दिसतो, येताना तो डावीकडे. आणि मुंबई सोडतानाचा तास मात्र केबिनमध्ये घालवू नका म्हणावं त्यांना. बॅलार्ड पिअरहून निघालं की उजव्या हाताला गेटवे, मग कुलाबा, मग प्राँग्सचं दीपगृह एकेक करून मागे पडतं, ते वरच्या उघड्या डेकवरूनच बघायचं.

एक गोष्ट मात्र तळमळीने सांगतो कारण हिच्यापायी लोकांची ट्रिप नासलेली मी बघितलीय. केबिनच्या प्रकारापेक्षा तिची जागा महत्त्वाची. डेक प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा, कंपनीच्या साईटवर असतोच, तो उघडा आणि आपल्या केबिनच्या डोक्यावर काय आणि पायाखाली काय ते बघा. वर पूल डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज थेट उशाशी येतो. वर बफे असेल तर ट्रॉल्यांची घरघर. खाली थिएटर किंवा डान्स फ्लोअर असेल तर मध्यरात्रीपर्यंत पलंग धडधडतो. अगदी पुढच्या टोकाला नांगराची साखळी आणि धक्क्याला लागताना थ्रस्टरची, म्हणजे जहाज बाजूला सरकवणाऱ्या पंख्याची थरथर. शेजारच्या केबिनमध्ये उघडणारं दार असेल तर शेजारच्यांचं घोरणं फुकट ऐकायला मिळतं. वर केबिन, खाली केबिन आणि लिफ्टपासून थोडी लांब, ही सगळ्यात शांत जागा. काही खिडक्यांसमोर लाईफबोट लटकलेली असते, ते बुकिंगच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचा. आणि ‘गॅरंटी’ नावाचा स्वस्त रेट दिसला तर समजायचं की केबिन नंबर कंपनी देईल, तुम्हाला निवडता येणार नाही. आई-बाबांसाठी तो नको.

सासूबाईंना एसटीने घाट चढतानासुद्धा त्रास होतो, बोट तर नक्की लागणार. शिवाय गुडघे दुखतात. त्यांना न्यावं का? – चिपळूणच्या ताई

न्या ताई, पण वेळ बघून न्या. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो, ते दिवस टाळा. मोठ्या जहाजाला पाण्याखाली दोन्ही बाजूंना स्टॅबिलायझरचे पंख असतात, त्यामुळे आडवं डोलणं बरंच कमी होतं, पण पूर्ण थांबत नाही. केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या लांबीच्या मधोमध घ्यायची, तिथे हालचाल सगळ्यात कमी. लोक हौसेने सगळ्यात वरची आणि पुढची घेतात आणि मग तिथेच जास्त लागते.

गोळीचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, कारण अशा गोळ्यांनी गुंगी येते आणि बीपी किंवा दुसरी औषधं चालू असतील तर त्यांनीच ठरवलेलं बरं. पण गोळी जहाज हलायच्या आधी घ्यायची असते, उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात राहतच नाही. आमच्या क्रूमध्ये कोणाला लागली की हिरवं सफरचंद आणि कोरडी बिस्किटं द्यायचे, उपाशी पोटी राहू द्यायचे नाहीत. जहाजावर डॉक्टर असतो पण त्याची फी चांगलीच असते, परदेशी जाताना ट्रॅव्हल इन्शुरन्सशिवाय चढू नका.

गुडघ्यांसाठी एक बघा. जहाजाच्या बाथरूमला उंबरा असतो, चांगला उंच, आणि रात्री त्यालाच लोक अडखळतात. व्हीलचेअरवाल्यांसाठी काही केबिन्स बिनउंबऱ्याच्या आणि रुंद दाराच्या असतात, पण फार थोड्या, त्या लवकर मागाव्या लागतात. आणि लक्षद्वीपची ट्रिप असेल तर जहाज खोल पाण्यात उभं राहतं आणि तिथून छोट्या बोटीत उतरून बेटावर जायचं असतं. त्या उतरण्यात गुडघ्यांची परीक्षा होते. गोव्याला तसं नाही, मुरगावला जहाज धक्क्याला लागतं.

आम्ही जैन आहोत, सिंगापूरहून क्रूझ घ्यायचा विचार आहे. जेवणाचं काय? – पुण्याहून

अजिबात काळजी करू नका, पण बुकिंग करतानाच लिहून द्या, चढल्यावर सांगू म्हणू नका. सिंगापूरच्या जेंटिंग ड्रीम या जहाजावर भारतीय प्रवासी एवढे असतात की शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय ठरलेलीच आहे. बाकी कंपन्यांच्या जहाजावर पहिल्या रात्रीच हेड वेटरला गाठून उद्याचं आज सांगायचं. किचनमध्ये भारतीय शेफ बहुधा सापडतोच आणि घरच्यासारखं करायला त्यालाही आवडतं, फक्त त्याला आधी कळायला हवं.

बफेला जाताना हात साबणाने धुवा. दारात सॅनिटायझर असतो तो चांगलाच, पण जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ पसरवणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरला दाद देत नाही. आणि सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते तपासा, जहाज पेनांग किंवा फुकेतला जाऊन परत येतं म्हणजे तुम्ही सिंगापुरात दुसऱ्यांदा शिरता.

बिलात ग्रॅच्युइटी म्हणून रोजचे पैसे लावलेत. ही टिप सक्तीची आहे का? काउंटरवर जाऊन काढता येते म्हणतात. – ठाणे

आंतरराष्ट्रीय कंपन्यांमध्ये साध्या केबिनला माणशी रोज साधारण 15 ते 20 डॉलर लागतात. 16 डॉलर धरले तरी चौघांचे पाच रात्रींचे 320 डॉलर होतात, रक्कम लहान नाही हे मला मान्य आहे, म्हणूनच तिकीट काढताना ती भाड्यात धरूनच बजेट करा. बऱ्याच कंपन्यांत ती काउंटरवर जाऊन काढता येते हेही खरं. पण कृपा करून काढू नका. ते पैसे केबिन साफ करणारा, जेवण वाढणारा आणि तुम्हाला कधीच न दिसणारे लोक यांच्यात वाटले जातात.

ज्या सकाळी एक ट्रिप संपते आणि त्याच दुपारी दुसरी सुरू होते ती सकाळ सांगतो. जुने प्रवासी साडेनऊ-दहापर्यंत उतरतात, नवे दुपारी चढायला लागतात आणि तेवढ्यात एका स्टुअर्डला, म्हणजे केबिन आवरणाऱ्याला, पंधरा-वीस किंवा जास्त केबिन्स तयार करायच्या असतात. चादरी ओढायच्या, वापरलेले टॉवेल पिशव्यांत कोंबून खाली लाँड्रीला पाठवायचे, लाँड्रीतून अजून गरम असलेल्या चादरी वर आणायच्या, गादी उचलून कोपरे घट्ट खोचायचे, बाथरूम कोरडं ठणठणीत करायचं, तिजोरी उघडी आहे का आणि पलंगाखाली कोणाची चप्पल राहिलीय का बघायचं. खालच्या मजल्यावर जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा क्रूचा रस्ता असतो, अमेरिकन बोटींवर आम्ही त्याला तिकडच्या हायवेच्या नावावरून आय-नाइन्टीफाईव्ह म्हणायचो, त्या सकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. आणि सुट्टीचा अख्खा दिवस म्हणाल तर कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत नाही.

तेव्हा सर्विसकडून अपेक्षा काय ठेवायची? केबिन रोज स्वच्छ मिळायला हवी, हा तुमचा हक्क आहे. पूर्वी सकाळ-संध्याकाळ दोनदा आवरायचे, कोविडनंतर बऱ्याच कंपन्यांनी साध्या केबिनसाठी ते एकदाच केलंय, त्यावर स्टुअर्डशी भांडून उपयोग नाही, तो निर्णय त्याचा नसतो. पहिल्या दिवशी तो ओळख करून द्यायला येतो तेव्हाच सगळं सांगून टाका, जादा उशी हवी, पलंग वेगळे करा, दुपारी एक ते तीन आम्ही झोपतो. मनात ठेवून शेवटच्या दिवशी फॉर्मवर तक्रार लिहिली तर तुमचीही ट्रिप गेलेली असते आणि त्याच्या हातातही काही राहत नाही. काम आवडलं तर त्याच फॉर्मवर त्याचं नाव लिहा, पुढच्या प्रमोशनला ते धरतात.

मुलाला क्रूझवर हाऊसकीपिंगची नोकरी लागतेय, एजंट दोन लाख मागतोय. काम कसं असतं? – एक आई, कोल्हापूर

ताई, पैसे देऊ नका. नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायला कायद्याने मनाई आहे. भारतात भरती करणाऱ्या एजन्सीकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे सरकारच्या जहाज खात्याचं, आरपीएसएल नावाचं भरतीचं लायसन्स लागतं, त्यांची यादी डीजी शिपिंगच्या साईटवर आहे, त्यात नाव नसेल तर विषय तिथेच संपला. सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक), एसटीसीडब्ल्यूचे (सुरक्षेचे) कोर्स, मेडिकल यांचा खर्च होतो, तो वेगळा, त्याची पावती मिळते.

काम कष्टाचं आहे. कॉन्ट्रॅक्ट साधारण सहा ते नऊ महिन्यांचं, केबिन बहुधा दुसऱ्याबरोबर वाटून, पाण्याच्या पातळीच्या आसपास, खिडकी नाही. 2013 पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय श्रम कराराप्रमाणे 24 तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात किमान 77 तास विश्रांती मिळायलाच हवी, भारतानेही तो 2015 मध्ये स्वीकारलाय, हे त्याला पाठ असू दे. गोव्यात आणि रत्नागिरीकडे कितीतरी घरं बोटीच्या पगारावर उभी राहिलीत, त्यामुळे तिथे विचारणारं-सांगणारं माणूस मिळतं, तुमच्याकडे तसं कोणी नसेल तर आधी एखाद्या साईन ऑफ होऊन, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपवून घरी आलेल्या मुलाशी त्याची गाठ घालून द्या. मग ठरवू द्या त्याला.

बारीकसारीक, पण बऱ्याच जणांनी विचारलेलं

इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका, चढताना काढून घेतात, जहाजावर आगीची भीती सगळ्यात मोठी. परदेशी जहाजावर आपली तीन पिनांची प्लग बसत नाही, ॲडॉप्टर घ्या. भिंती बहुतेक लोखंडी असतात, चुंबकाचे हुक नेले तर ओले कपडे, टोप्या, पिशव्या सगळं टांगता येतं. परदेशी जहाजांवर जेट स्प्रे क्वचितच असतो, एक मग बॅगेत टाका. टॉयलेट व्हॅक्युमवर चालतं, कागदाशिवाय त्यात काही टाकलं तर तुमच्याबरोबर आजूबाजूच्या केबिन्सचंही तुंबतं. किनारा सुटला की मोबाईल एअरप्लेन मोडवर, नाहीतर जहाजाच्या रोमिंगचं बिल येईल.

पहिल्या दिवशीचं मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं याची तालीम, कोणीही बुडवू नका. जानेवारी 2012 मध्ये इटलीत कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडाली, 32 माणसं गेली, आणि त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल झालेलंच नव्हतं. त्यानंतर नियम बदलला, आता ड्रिल निघायच्या आधी किंवा निघाल्याबरोबर करावंच लागतं. लाईफ जॅकेट कुठे आहे आणि आपलं मस्टर स्टेशन कोणतं एवढं मुलांनाही विचारून घ्या.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्या थेट खाली उतरल्यावर मिळतात. सकाळचे कपडे, औषधं, पासपोर्ट आणि चार्जर हातातल्या पिशवीत ठेवा. रात्री बारानंतर नाईट ड्रेसवर बॅग शोधायला खाली आलेले बरेच जण मी बघितलेत, आणि त्या वेळी ती सापडत नाही.

पुढच्या अंकात मुलांना घेऊन जाण्याबद्दलचे प्रश्न घेऊ, कोणाचे राहिले असतील तर पाठवा.