बरगडी मोडली तर प्लास्टर का घालत नाहीत? कण्याला इजा झाली असेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील आंबे काढताना फांदीवरून घसरले, डावी कूस चिऱ्याच्या गडग्यावर आपटली आणि नववी-दहावी बरगडी मोडली. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं नाही, पट्टाही दिला नाही. वाडीतली माणसं मात्र घट्ट बांधून टाका म्हणतात. शिवाय बरगडी कण्यालाच जोडलेली असते, तर कण्याला काही झालं असेल का?

बांधू नका. मिनिटाला 15 श्वास धरले तरी दिवसाचे 21,600 होतात, आणि दर श्वासाला बरगडी बालदीच्या कडीसारखी वर उचलली जाते. ती फिरते कण्यापाशी. नववी बरगडी एका नाही, दोन मणक्यांना टेकते: छातीच्या आठव्या मणक्याची खालची कड आणि नवव्याची वरची कड. तिथून जरा बाहेरच्या अंगाला तिच्यावर एक उंचवटा असतो, तो नवव्या मणक्याच्या आडव्या फाट्यावर बसतो. या दोन सांध्यांची मिळून बिजागरी होते. पुढच्या टोकाला कूर्चा असते. पहिल्या सात बरगड्यांची कूर्चा छातीच्या मधल्या हाडाला थेट मिळते, आठ ते दहाची वरच्या बरगडीच्या कूर्चेला. अकरावी-बारावी पुढून मोकळ्या.

सतत हलणारा असा पिंजरा प्लास्टरने थांबवता येत नाही, आणि थांबवूही नये. मोडलेल्या बरगडीला वरखालच्या बरगड्या आणि मधले स्नायू जागेवर धरून ठेवतात. साधारण 6 आठवड्यांत हाड जुळतं. पहिले 2-3 आठवडे दुखणं जास्त. घट्ट पट्ट्याने दुखणं कमी वाटतं खरं, पण फुप्फुसाचा खालचा भाग फुगत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. उतारवयात मला मोडलेल्या बरगडीपेक्षा या न्यूमोनियाची भीती जास्त वाटते.

म्हणून वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी दिलेल्या वेळेलाच द्या, दुखणं असह्य होईपर्यंत थांबू नका. दुखतं म्हणून माणूस वरवरचा श्वास घेतो, सगळं तिथेच बिघडतं. जागेपणी दर तासाला 10 खोल श्वास, प्रत्येक 2-3 सेकंद धरून. खोकताना घडी केलेली चादर किंवा उशी दुखऱ्या कुशीवर दाबून धरायची, पण खोकला दाबायचा नाही. दिवसभर आडवं न राहता पडवीत टेकून बसू द्या, घरातल्या घरात चालू द्या.

आता मोडलेली जागा. डावीकडच्या नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड प्लीहा (पाणथरी) असते. तिला चीर गेली तर रक्तस्राव कधी लगेच, कधी काही दिवसांनी कळतो. पोटाची सोनोग्राफी झाली नसेल तर आजच विचारा. पोटात वाढतं दुखणं, चक्कर, फिकटपणा, किंवा डाव्या खांद्याच्या टोकाला दुखणं ही लक्षणं दिसली तर 108 ला फोन करा. पोटातल्या रक्तस्रावात खांदा दुखतो, कारण पोटाच्या वरच्या पडद्याची नस मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून निघते आणि खांद्याची संवेदनाही साधारण तिथूनच येते. अचानक धाप लागली तर फुप्फुसाबाहेर हवा किंवा रक्त साचलं असू शकतं, तेव्हाही थांबू नका.

कण्याचं म्हणाल, तर नवव्या-दहाव्या मणक्यापेक्षा मला खाली काळजी वाटते. छातीचे 12 मणके बरगड्यांच्या पिंजऱ्याने ताठ धरलेले असतात, कमरेचे 5 मोकळे वाकतात. ताठ भाग संपून लवचीक भाग सुरू होतो तिथे, म्हणजे छातीचा बारावा आणि कमरेचा पहिला मणका, उंचावरून पडलेल्या माणसाचा कणा बहुधा दबतो. मणक्याची पुढची बाजू चेपून तो पाचरीसारखा होतो. माडावरून वा आंब्यावरून उभं, पायांवर पडलेल्या माणसाची टाच मोडलेली आढळली, तर कण्याचाही एक्स-रे काढतात तो याचसाठी, कारण तोच धक्का टाचेतून वर जातो. वडील कुशीवर आपटले, पण आधी पाय टेकले होते का, हे त्यांना नीट विचारा.

छातीच्या समोरून काढलेल्या एक्स-रेवर हे दबणं सहज निसटतं, त्यासाठी कण्याचा बाजूने काढलेला फोटो लागतो. पाठीच्या मधोमध, शेवटच्या बरगडीच्या पातळीला हलकं दाबल्यावर नेमकं हाडावर दुखत असेल तर तो फोटो मागून घ्या. प्रौढात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, म्हणजे धोक्याची जागा तीच. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी अडकणं, गुदद्वाराभोवती संवेदना कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर त्यांना हातपाय धरून उचलून रिक्षात घालू नका. आहेत तिथेच सपाट, न हलवता ठेवा आणि 108 ची गाडी बोलवा.