‘मी तसा नाही हं, मॅडम’

(नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेला महेश खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाला, “मी तसा नाही हं, मॅडम. मित्राबद्दल बोलायला आलोय.” पुढच्या चाळीस मिनिटांत हेच वाक्य आणखी तीनदा आलं. मला मोजायची खोड आहे. वहीच्या समासात चार रेघा ओढून ठेवल्या.

महेश संगमेश्वर तालुक्यातला, एकतिशीचा. आंब्याच्या बागा कराराने घेतो. लग्न झालंय, एक मुलगी आहे. विनय त्याचा बालवाडीपासूनचा दोस्त. आता डोंबिवलीला असतो, पण शिमगा आणि गणपती कधी चुकवत नाही. पाच वर्षांपूर्वी नदीच्या बंधाऱ्यावर बसून विनयने त्याला एकट्याला सांगितलं होतं की तो गे आहे, आणि डोंबिवलीतला रूम पार्टनर हा नुसता रूम पार्टनर नाही. महेशने ते इतकी वर्षं पोटात ठेवलं.

मग फेब्रुवारीत वाडीच्या क्रिकेट टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एक गलिच्छ विनोद टाकला. विनयचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. महेशचं डोकं फिरलं आणि त्याने लिहिलं, “हसताय काय? आपला विनय पण गे आहे. मी तसा नाही, पण त्यात वाईट काय?”

रात्री दहाला मेसेज गेला. सकाळी दूध घालणारा येईपर्यंत बातमी विनयच्या आईच्या दारात. आठवड्याभरात वाडीच्या बैठकीत ठरलं, यंदा शिमग्यात विनयने पालखीला खांदा लावायचा नाही. लिहून काही नाही, सगळं तोंडी. विनय फोन उचलेना. आणि टपरीवर महेशला विचारणा सुरू झाली, “काय रे, तुझं पण काय तसलं आहे काय?”

“आता सांगा, बाजू कशी घ्यायची? बोललो तर मलाही त्यातलाच म्हणतात.”

ही भीती घेऊन बरेच जण येतात, त्यात बाप्यांचा भरणा जास्त. मी खोटा धीर दिला नाही. म्हटलं, “म्हणतील. म्हणतातच आहेत. पण त्यात तुझं जातं काय?” तो गप्प. मग मी त्याला वहीतल्या चार रेघा दाखवल्या.

‘मी तसा नाही’ हे वाक्य ऐकायला साधं वाटतं. पण माणूस ते कधी म्हणतो? अंगाला चिखल लागेल असं वाटतं तेव्हा. ‘मी चोर नाही’, ‘मी दारू पीत नाही’ या चालीवर. म्हणजे मित्राची बाजू घेताना महेशने पहिल्या फटक्यात त्याला चिखलाच्या बाजूला बसवलं होतं. हे मी बोलले तेव्हा त्याचा चेहरा पडला. “विनयने ते वाचलं असेल ना?” असं तो हळूच म्हणाला. ग्रुपमध्ये विनयही होता.

दुसरी चूक त्याला माझ्याआधीच कळली होती. गुपित विनयचं होतं. तो विनोद थांबवायला विनयचं नाव लागतच नव्हतं. ‘असलं ग्रुपवर टाकू नका, मला आवडत नाही’ एवढं पुरलं असतं. बाजू घ्यायची तर ती आपल्या नावावर घ्यावी, त्याच्या नावावर नाही.

मध्येच त्याने विचारलं, “त्याला तुमच्याकडे आणू का? काका म्हणतात औषध असतं.” इथे मात्र मी ताडकन बोलले. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. ‘बरं करून देतो’ म्हणणारी तथाकथित उपचारपद्धती आपल्याकडे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरते, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये तसं कळवलं आहे. विनयला यायचंच असेल तर झालेल्या मनस्तापासाठी येईल, ‘बरं’ व्हायला नाही.

“पण कायदा? तो गुन्हा आहे म्हणतात बैठकीत.” आता नाही. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना लागू होणार नाही असा निकाल दिला. उलट बैठकीचंच जरा अवघड आहे. महाराष्ट्रात 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. वाळीत टाकणं आपल्या कोकणाला काही नवीन नाही, त्यामुळे गावकीतल्या जाणत्यांना तो ठाऊक असतो. कुणाला धार्मिक-सामाजिक कार्यक्रमात येण्यापासून अडवणं त्यात बसतं, आणि लैंगिकतेवरून केलेला भेदभावही. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

महेश उठायच्याच तयारीत. “मग टाकतो केस!”

“कुणाची केस?” मी विचारलं. तो परत बसला.

त्या दिवशी आम्ही एकच काम केलं, विनयला पाठवायचा निरोप. पहिला व्हॉइस मेसेज चार मिनिटांचा झाला, त्यात साडेतीन मिनिटं महेशच होता: मला किती वाईट वाटलं, माझी झोप उडाली, बायको काय म्हणाली. कापत कापत उरलं ते असं: “माझी चूक झाली. तुला विचारायला हवं होतं. बैठकीत बोलू की नको, तू सांग.”

तीन दिवसांनी उत्तर आलं. “केस नको. आईला कोण बोलता कामा नये. पालखीचं जमलं तर बघ.”

बैठक मंदिराच्या सभामंडपात झाली. महेशने सांगितल्यावरून लिहिते आहे. तो उभा राहिला आणि म्हणाला, विनयच्या आज्याने चाळीस वर्षं खांदा लावला, त्याच्या नातवाचा खांदा का काढता? कुणीतरी मागून ओरडलं, “तुला रे येवढा पुळका? तू पण तसलाच काय?” इथे जुनं वाक्य जिभेवर आलं होतं, असं त्यानेच कबूल केलं. ते गिळून तो म्हणाला, “असलो तर? माझा पण खांदा काढणार?”

थोडा हशा, थोडी कुजबूज. कायद्याची गोष्ट त्याने नंतर काढली, एका मानकऱ्याला बाजूला घेऊन, आवाज न चढवता. एवढं करूनही निर्णय फिरला नाही. “यंदा ऱ्हाऊ दे, पुढच्या साली बघू.” कोकणात ‘बघू’ म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

मग महेशने स्वतःही खांदा लावला नाही. हे मी सुचवलं नव्हतं, सुचवलंही नसतं. असल्या त्यागाचं ओझं ज्याच्यासाठी करतो त्याच्याच डोक्यावर बसतं. पण विनय हसला म्हणे. “बरं झालं, गेल्या साली अर्ध्या वाटेत दमलेलास.” पालखी विनयच्या अंगणात आली तेव्हा दोघे ओट्यावर उभे होते आणि विनयची आई ओटी भरत होती. तिला कुणी काही बोललं नाही. टीममधली दोन पोरं येऊन त्यांच्या बाजूला उभी राहिली, ती का ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

मे महिन्यात महेशने फोन केला. आता काय करू, असं त्याने या वेळी विनयलाच विचारलं होतं. मोर्चा, स्टेटस वगैरे काही निघालं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही. त्यामुळे विनय आणि त्याचा जोडीदार, या दोघांपैकी एकाचं काही बरंवाईट झालं तर दुसरा कायद्याच्या लेखी परकाच. बँकेत संयुक्त खातं आणि नॉमिनी करायला अडचण नाही, केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट 2024 मध्ये तसं स्पष्ट केलं आहे, तेवढं त्यांनी उरकलं होतं. उरलं होतं मृत्युपत्र. त्याला दोन साक्षीदार लागतात, आणि नातेवाइकांत एकही तयार नव्हता.

आंब्याचा हंगाम ऐन भरात असताना महेश दोन दिवस काढून डोंबिवलीला गेला, सह्या केल्या, एक पेटी देऊन आला. विनयच्या जोडीदाराला तो पहिल्यांदाच भेटत होता.

“कसा आहे तो?” मी विचारलं.

“माणूस चांगला आहे. सुरमई मात्र फार कडक तळतो, मॅडम.”