‘याह’ हा ‘येस’चा अपभ्रंश आहे का?

इंग्रजीत होकार देताना ‘येस’, ‘याह’, ‘येप’, ‘शुअर’ आणि ‘ओके’ यांपैकी सलगीचा कोणता आणि सर्वत्र चालणारा कोणता, असे एका वाचकाने विचारले आहे. सोपा भाग आधी उरकतो. ‘येस’ कुठेही चालतो. ‘याह’ आणि ‘येप’ ओळखीच्या माणसाशी बोलताना शोभतात, मुलाखतीत किंवा कार्यालयीन पत्रात शोभत नाहीत.

मात्र ‘याह म्हणजे आळशी माणसाचा येस’ हे इंग्रजी शिकवणाऱ्यांकडून वारंवार ऐकू येणारे विधान मला सहन होत नाही. जुन्या इंग्रजीत साधा होकार ‘येआ’ असा होता आणि ‘येस’ हा त्यालाच जोड लागून झालेला, अधिक ठासून दिलेला होकार होता. ती जोड ‘सी’, म्हणजे ‘तसे असो’, या शब्दाची असावी, असे अनेक व्युत्पत्तिकार मानतात. पुढे दोघांनी कामे वाटून घेतली. सरळ प्रश्नाला ‘ये’ (त्याच ‘येआ’चे पुढचे रूप) किंवा ‘ने’, तर नकारार्थी प्रश्नाला ‘येस’ किंवा ‘नो’, अशी चौकडी झाली. ‘तू येणार नाहीस का?’ याला ‘येस’ म्हणजे ‘येणार नाही कसा, येणारच’; फ्रेंचमधला ‘सी’ आणि जर्मनमधला ‘डोख’ आजही हेच काम करतात. बायबलचे इंग्रजी अनुवादक विल्यम टिंडेल यांनी १५२६च्या ‘नव्या करारा’च्या अनुवादात एका सरळ प्रश्नाला ‘ने’ऐवजी ‘नो’ असे उत्तर लिहिले, तेव्हा त्यांचे कॅथलिक विरोधक टॉमस मोअर यांनी १५३२मध्ये, धर्माच्या वादातून वेळ काढून, त्यांना व्याकरणाचा धडा दिला आणि तो देताना एके ठिकाणी नियम स्वतःच उलटा लिहून बसले! चौकडी पुढे मोडली, तरी ‘येस’चा तो स्वभाव उरला आहे: मराठीच्या सवयीने आपण अशा प्रश्नाला ‘येस’ म्हणतो, मनात ‘हो, येणार नाही’ असे असते, आणि समोरचा इंग्रज आपली वाट पाहत बसतो.

अनेक कोशकार ‘याह’ला ‘येस’चाच सैल उच्चार ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. ‘गेस’, ‘लेस’, ‘ड्रेस’ यांतला शेवटचा ‘स’ कितीही निवांत बोलले तरी टिकतो, मग तो ‘येस’मधूनच का गळावा? त्यापेक्षा जुना ‘ये’ बोलीत तग धरून राहिला असावा आणि तोच अमेरिकेत नव्या उच्चाराने वर आला असावा, असे माझे मत आहे. ‘येप’मधला ‘प’ मात्र ‘येस’चा नव्हे, बोलून होताच मिटलेल्या ओठांचा आहे, ‘नोप’मध्येही तोच ऐकू येतो. ‘ओके’ अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या चॉक्टॉ भाषेतून आल्याची लाडकी कथा मी उगाळत नाही, कारण भाषा-अभ्यासक ॲलन वॉकर रीड यांनी त्याचा माग १८३९मधील बॉस्टनच्या एका वृत्तपत्रातील थट्टेपर्यंत काढून दाखवला आहे.

राहिला ‘शुअर’. तो विनंतीला दिलेला मोकळा होकार आहे. ‘बैठक दहाला आहे का?’ अशा माहितीच्या प्रश्नाला तो विचित्र वाटतो आणि ‘ऑफ कोर्स’ तर ‘एवढेही ठाऊक नाही?’ असा टोमणा ठरू शकतो. तिथे ‘येस’च लिहावा.