नायगाऱ्याशेजारचं बफेलो

प्रश्न : जूनमध्ये मुलीकडे न्यू जर्सीला जातोय, नायगाराही ठरलाय. जुन्या इमारतींची आवड आहे. फारसं कुणी न सुचवणारं शहर सांगाल का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : न्यूयॉर्क राज्यातलं बफेलो. धबधब्यापासून जेमतेम ३०-३५ किलोमीटर, तरी आपल्याकडच्या सहली तिथं थांबत नाहीत, याची हळहळ वाटते.

वास्तुविशारद लुई सलिव्हनची १८९६ची गॅरंटी बिल्डिंग आधी पाहा, तीही तिरप्या उन्हात. १३ मजली पोलादी सांगाडा आणि बाहेरून तांबूस टेराकोटा, म्हणजे भाजलेली माती, वरपर्यंत नक्षीनं भरलेला. नाशिकच्या सरकारवाड्याच्या लाकडी कोरीवकामासारखं हेही जवळ जाऊनच कळतं. अशा इमारतींचं दुखणं सांध्यांत असतं : फटीतून पाणी शिरलं की पोलाद गंजून फुगतं आणि टेराकोटा तडकतो. म्हणून सांधे वेळच्या वेळी भरावे लागतात.

१९३१चा सिटी हॉल आर्ट डेको, म्हणजे १९२०-३०च्या दशकांतल्या भौमितिक नक्षीच्या शैलीतला. लिफ्ट २५व्या मजल्यापर्यंत जाते, पुढे २८व्या मजल्यावरच्या सज्जापर्यंत जिना. गुडघे दुखत असतील तर विचार करा. कामाच्या दिवशीच जा.

वास्तुविशारद फ्रँक लॉईड राइटचं मार्टिन हाऊस हे घर आतून पाहायला मार्गदर्शकासोबतची फेरी असते, तिकीट इथूनच काढून ठेवा. जून उत्तम, हिवाळ्यात बर्फ फार.